दुसरी डिस्क

वैशाली, गाझियाबाद
शनिवार, ५ नोव्हेंबर २०११

चि. प्रसन्न यास,

आशीर्वाद. एरवी ‘अनेक’ लिहिते, या खेपेला एकावर भागव.

इकडे आम्ही बरे आहोत. आत्याचा ऑपरेशन केलेला डोळा आता स्वच्छ झाला. डॉक्टर तिला पुण्याला जायला हरकत नाही म्हणाले, पण ती म्हणते थंडी पडली की निघेन. दिवाळीत तिनं चकल्या केल्या आणि त्यातल्या निम्म्या आधीच तुझ्या नावानं डब्यात भरून ठेवल्या. राघवच्या ऑफिसातल्या प्रणिता पुढच्या आठवड्यात बोस्टनला निघाल्यात, त्यांच्याबरोबर डबा येईल आणि हे पत्रही. तू माझे फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून चकल्यांच्या वशिल्यानं तुझ्यापर्यंत पोचतेय. आईचा डबा तरी उघडशील.

मेट्रोला आता सकाळी मरणाची गर्दी असते. तू असताना आपण शेअर रिक्षात कोंबून नोएडाला जायचो, ते दिवस बरे होते असं म्हणायची पाळी आली. अबोली अधूनमधून विचारते, ‘आई, मामा कब आएगा?’ मराठीत विचार म्हटलं की गप्प बसते. हल्ली मी मुद्दाम मराठीत विचारायला लावते.

ऑफिसचं काय लिहू? मला टेस्टिंगमधून काढलंय. सध्या युजर गाइडमधली जुनी चित्रं काढून नवी डकवते. बारा वर्षं लोकांच्या चुका शोधण्यात गेली, आता चित्रं चिकटवतेय. सोमवारी त्यागी सरांसमोर आणि एचआरसमोर बसायचंय. माझं काय करायचं ते तेव्हा ठरेल. तुला हे माहीत असणारच, परत उगाळत नाही.

नाही, उगाळतेच. तुझ्यापर्यंत सगळं पोचलं नसेल.

गेल्या महिन्यात त्यागी सर मला गाझियाबादच्या त्या लॅबमध्ये घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी एका बाईंना सांगत होती, ‘आंटी, रिपोर्ट सिस्टम में नहीं है, सैंपल दोबारा देना पड़ेगा.’ बाईंच्या गळ्यातल्या गाठीत सुई घालून तपासणी झाली होती. त्या म्हणाल्या, ‘दोबारा दे दूँगी बेटा, पर पहले वाली में क्या निकला था, इतना तो बता दो.’ कुणालाच सांगता येईना. मी तिथं आपल्या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून उभी होते. ते हळूच काढून पर्समध्ये टाकलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

त्या दिवशीच्या कॉलवरही तू होतास. त्यागी सर म्हणाले, ‘मैडम, ये बग क्लोज़ तो आपके नाम से हुआ है.’ मी तोंड उघडायच्या आत तुझा आवाज आला, ‘सर, सुनेत्रा जी ने वेरिफाय किया था. मैंने तो उन्हीं के भरोसे रिलीज़ में डाला.’ सुनेत्रा जी! माझ्या घरात दोन वर्षं राहिलास, माझ्या हातचं जेवलास, नोकरीसाठी तुझा बायोडेटा मी त्यागी सरांच्या टेबलावर ठेवला, आणि त्या स्पीकरफोनवर मी एकदम ‘जी’ झाले. मी म्हटलं, ‘प्रसन्न, खरं काय ते सांग.’ तू काय म्हणालास आठवतं? ‘ताई, कॉलवर मराठी नको, प्लीज.’

खाल्ल्या घरचे वासे मोजणं ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ तू समजावलास.

तुझ्या आईला मी काही सांगितलं नव्हतं, हे आधी स्पष्ट करते. मला ते जमलं नसतं. पण मी रात्रंदिवस चिडचिड करतेय हे तिच्या नव्या डोळ्याला दिसत होतं. दिवाळी झाल्यावर तिनं विचारलं, ‘तुझ्या ऑफिसात नक्की झालं तरी काय?’ मी तिला समजेल असं सांगितलं. म्हटलं, आमचं टूल जुन्या मशीनमधला सगळा संसार उचलून नव्या मशीनमध्ये जसाच्या तसा मांडतं. पण ते फक्त कपाटं मोजतं, कपाटात कपडे आले का हे बघत नाही. जुन्या मशीनला दोन डिस्क असल्या की दुसरी नुसती रिकामी जाते आणि टूल हिरवी खूण दाखवून मोकळं होतं. लॅबवाल्यांनी हिरवी खूण बघितली आणि जुनं मशीन पुसून टाकलं. ही चूक मीच पकडून नोंदवली होती. जो दुरुस्त करतो त्यानं ती नोंद बंद करायची नाही, दुसऱ्यानं तपासून बंद करायची, असा आमचा नियम. दोन डिस्कचं मशीन सोमवारी मिळणार होतं, त्यावर मी तपासणार होते. त्याआधीच गुरुवारी संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवरून, माझ्या नावानं कुणीतरी ती बंद केली.

दुरुस्त कुणी केली होती, हे मी सांगितलं नाही.

आत्यानं बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, ‘अळूवड्या केल्या होत्या, तोच का गं गुरुवार?’

तोच. भाजीवाल्याकडे अरबी के पत्ते दिसले म्हणून तिनं हौसेनं आणले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पानांना पीठ लावत बसलो होतो. तू बाहेरून विचारलंस, ‘ताई, तुझा लॅपटॉप घेऊ का? जरा मेल बघायचाय.’ मी म्हटलं, ‘घे की.’ ऑफिसात मी पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन लॉक करते, तू त्यावरून माझी टिंगल करायचास. घरी कधीच करत नाही. घरात कुणापासून लॉक करायचं? मग आत्यानं तुला वड्या गरम आहेत तोवर ये म्हणून हाक मारली आणि तू म्हणालास, ‘आलो, ताईचंच एक काम उरकतोय.’ ते वाक्य मी विसरले होते. तुझ्या आईनं आठवण करून दिली.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी तिला म्हटलं, ‘आत्या, सोमवारी त्यागी सरांशी फोनवर एवढंच बोलशील का? लॅपटॉप त्याच्याकडे होता आणि तो काय म्हणाला, एवढंच.’ तिसऱ्या दिवशी ताटं मांडता मांडता म्हणाली, ‘तुझं काय, राघव कमावतो आहे. प्रसन्नचं आत्ता कुठं सुरू झालंय.’ आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, ‘शिवाय मला हल्ली ऐकू कमी येतं गं.’

अबोली पलीकडच्या खोलीत कुजबुजली तरी हिला ऐकू येतं.

मी तिच्यावर रागावले, अजून रागावलेली आहे. तरी रोज सकाळी तिच्या डोळ्यात औषध मीच घालते. तिला तू हवास, यात तिचा काय दोष. पण लहानपणी माझी आई गेल्यावर ‘मी आहे तुला’ असं हीच म्हणाली होती, आणि ते मी खरं धरून चालले होते.

त्या रिलीजची तुला घाई का होती, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो वेळेवर गेला नसता तर तुझं बोस्टनला जाणं, ते ऑनसाइट, पुढच्या वर्षावर गेलं असतं. तू नुसतं म्हणाला असतास, ‘ताई, अडकलोय,’ तर मी रविवारी ऑफिस उघडायला लावून तपासलं असतं. तू मला विचारलंच नाहीस. विचारलं तर मी तपासेन, आणि तपासलं तर सापडेल, हे तुला पक्कं माहीत होतं. तुझ्या दुरुस्तीवर तुझाच विश्वास नव्हता, म्हणून तू माझं नाव वापरलंस. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हे मी डेव्हलपर लोकांना नेहमी ऐकवायचे. काल तेच स्वतःला ऐकवलं. ऑफिसातल्या गौरवकडून दोन डिस्कचं मशीन मागून घेतलं आणि आपलं टूल चालवलं. हिरवी खूण आली. दुसरी डिस्क उघडली, आत काही नाही. आज सकाळी मी तो बग परत उघडला आणि तुझ्या नावावर टाकला. त्यात लिहिलं, ‘हे मी तपासलेलं नव्हतं. बंद झालं त्या वेळी माझा लॅपटॉप प्रसन्नकडे होता. ज्यांनी हे टूल वापरलंय त्यांनी जुनं मशीन पुसू नये, असं सगळ्या ग्राहकांना आजच कळवा.’ मेल सगळ्या टीमला आपोआप गेलीय. हे पत्र मिळेल तेव्हा तुलाही ती मिळून गेली असेल.

टूल सदोष आहे हे मी सिद्ध केलं. बंद तू केलंस, हे सिद्ध करायला माझ्याकडे कुणी नाही. सोमवारी एकटीच जाईन. माझ्यावर विश्वास ठेवतील की नाही, सांगता येत नाही. कदाचित नाहीच ठेवणार, तू गोड बोलतोस आणि मी फटकळ आहे.

भाऊबीजेला तू आईला फोन केलास तेव्हा मी शेजारीच होते. ‘ताईला नमस्कार सांग’ म्हणालास आणि ठेवून दिलास. आत्यानं पाटावर तुझा फोटो मांडून ठेवला होता. मी ताट उचललं आणि गच्चीवर गेले. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं ओवाळावं म्हटलं. बीजेची कोर समोरच्या टॉवरमागे गेली होती, म्हणून अंदाजानंच ओवाळलं. खाली आले तेव्हा आत्यानं विचारलं, ‘अगं, प्रसन्न लांब असला तरी आहे ना?’ मी उत्तर दिलं नाही. ते तुला देते. पुढच्या वर्षी तू इथं पाटावर येऊन बसलास, तरी मी ताट घेऊन गच्चीवरच जाईन.

कळावे. लोभ होता.

सुनेत्रा