दोन जुडगे, एक आवाज

मंगळवार, संध्याकाळी सात, मुलुंड

अकरावीच्या चाचणीत फिजिक्सच्या त्या प्रश्नाला शून्य! गच्चीवरून एक चेंडू नुसता सोडला, दुसरा आडवा फेकला, तर आधी कोणता पडेल? मी लिहिलं, सोडलेला. दुसऱ्याला लांब जायचंय ना! सरांशी भांडलेसुद्धा. घरी बाबांनी कॉमर्सला जायचा अर्ज टेबलावर आणून ठेवलाय. फक्त माझी सही बाकी.

पण मला पटतच नव्हतं. म्हणून आईला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं केलं, दोन्ही हातांत किल्ल्यांचा एकेक जुडगा देऊन. एक सोडायचा, एक फेकायचा. मी खाली आवारात.

"ह्या काय शिकवतत गो तुमका?" आई वरून ओरडली आणि फेकलं. दोन आवाज आले, फेकलेल्याचा नंतर. बघा, मीच बरोबर!

मग डोक्यात आलं, आईने नेहमीसारखा वर उडवून फेकला होता. "आई, एकदम आडवा फेक!"

या वेळी एक जुडगा गेटपाशी, दुसरा माझ्या पायाशी. आवाज एकच. पाच वेळा जिने चढून जुडगे वर नेले. पाचही वेळा एकच आवाज.

म्हणजे पुढे जाणं वेगळं आणि खाली पडणं वेगळं. पुढे कितीही जोरात जा, पडायला उशीर होत नाही. सर बरोबर होते. उद्या तोंडावर सांगेन त्यांना.

बाबांचा अर्ज मागून कोरा होता. त्यावर दोन्ही जुडग्यांची आकृती काढली. पुढच्या बाजूला, सहीच्या जागेवरही. पेनने.