निळ्या काठाचा वाडगा

हेंद्रेपाडा, बदलापूर
कार्तिक, १९५४

प्रिय तुळशे,

तुला आणि येणाऱ्या बाळाला आशीर्वाद. न्यायला कधी येतेस, असं तू दोनदा विचारलंस. तुझं अंबरनाथ इथून एका स्टेशनावर, आणि ही बाई पत्रं कसली लिहीत बसली, म्हणून चिडलीही असशील. चिडून घे. पण आधी कढणाचं नीट वाचून ठेव.

बाळंत होईपर्यंत मुगाचंच पी. नंतर चिंबोऱ्यांचं. चिंबोऱ्या नदीच्या, जिवंत घ्यायच्या. बारीक पाय पाट्यावर ठेचून, पाणी घालून फडक्यातून गाळायचे. लसूण, मिरी, दोन आमसुलं. उकळेपर्यंत ढवळत राहायचं. अंगात ताकद राहते, आजार सहजी शिवत नाही.

बाबांना क्षय झाला तेव्हा दोन वर्षं हेच पाजलं. डॉक्टरनं त्यांचं भांडं वेगळं ठेवायला सांगितलं होतं, तो निळ्या काठाचा वाडगा. तू त्याला हात लावलास की मी पाठीत धपाटा घालायचे. पण आज सांगते, लग्न झाल्यापासून मी त्यांच्यामागून त्यांच्याच ताटात जेवले. डॉक्टर म्हणाला म्हणून ते सोडणं मला जमलं नाही. तू शाळेत गेलीस की वाडग्यात उरलेलं कढण मी पिऊन टाकायचे. त्यांना कळतं तर फार रागावले असते. मला मात्र बरं वाटायचं. ते गेले, तूही सासरी गेलीस, आता घर खायला उठतं गं. कधीकधी मी चुलीशीच बोलते.

गेल्या महिन्यात उल्हासनगरच्या कॅम्पातल्या डॉक्टरकडे छातीचा फोटो काढला. त्या वाडग्यानं की उशाशी बसून, कोण जाणे, बाबांचंच दुखणं मला झालंय. आता औषधं निघालीत, माणसं बरी होतात म्हणाला. पण वर्ष तरी जाईल. म्हणून, पहिलं बाळंतपण असलं तरी तू माहेरी यायचं नाहीस. गोदूआत्याला तुझ्याकडे पाठवतेय. तिला कढण जमत नाही, म्हणून एवढं लिहिलं. भेटायला म्हणून दाराशीही येऊ नकोस. तू समोर दिसलीस तर मला दार लावून घेता येणार नाही. मी रोज कढण करते आणि त्याच वाडग्यात पिते. हे पत्र दोन दिवस उन्हात ठेवून मग टाकलंय. तरी वाचून झालं की हात धू.

तुझीच,
आई