जाळरेषेवरच्या दोन टोळ्या

१२ फेब्रुवारी १९५८
मोहाची फुलं गळायला महिना उरला. ती वेचायला लोक झाडाखालचा पाला पेटवतील, मग वणवे. त्याआधी सात मैलांची जाळरेषा, आग अडवायचा मोकळा पट्टा, साफ व्हायला हवी — नाहीतर चार वर्षं वाढवलेली माझी सागाची रोपं जातील. दोन टोळ्या मिळाल्या. एक सावली गावाकडची, धान कापून मोकळी झालेली, म्होरक्या देवाजी. दुसरी इथल्याच जंगलगावची. तिला म्होरक्या नाही, म्हणून त्यांच्यातल्या पोचूला मुकादम केलं. सगळ्यांदेखत माझा फेटा त्याच्या डोक्यावर बांधला.

१३ फेब्रुवारी
जंगलगावचं कुणी आलं नाही. पोचूही नाही.

१४ फेब्रुवारी
सकाळीच त्यांच्या गावी गेलो. वाटेत गुडघाभर धुकं. चालतोय की तरंगतोय, कळेना. पोचूनं फेटा घडी करून परत दिला.
"मले काऊन उंच केलं, साहेब? माहे भाऊ बोलून नाई राह्यले माह्यासंगं."
त्याची आई सोमारी म्हणाली, "काम काय ते सांगा. अन् बसा. घाई असन त जा."
सांगितलं. सगळे गोल करून बसले. मीही बसलो. सागाची वाळकी पानं एकेक करून येत होती, मोठी, सावकाश. ऊन सरकत पावलांवर आलं. मग पोचूचा भाऊ बिरजू उठला, कुऱ्हाड घेतली, मागोमाग सगळे. ठरलं केव्हा, मला समजलंच नाही.

२० फेब्रुवारी
हुरूप आला. देवाजीच्या टोळीलाही म्हटलं, तुम्हीच ठरवा. दुपारपर्यंत नुसता तंटा.
देवाजी वैतागला. "लग्नाचा सैपाक हाय का साहेब, साऱ्यायनं मिळून चाखाले? हद्द आखून द्या, मंग पाहा."
खुंट्या ठोकून दिल्या. संध्याकाळी प्रत्येकाचं काम आपल्या खुंटीपलीकडे!

४ मार्च
रेषा पुरी होत आली. एकांना माप हवं, दुसऱ्यांना वेळ — इतकंच होतं. आज काय करायचं, देवाजी रोज सकाळी विचारतो, मी रोज सांगतो. त्याची माणसं नजर माझ्याकडे ठेवून वाकतात. बरं वाटतं. दोन टोकांकडून दोन गाणी येतात, मधे मी. मोहाच्या कळ्यांचा वास. रेषेत उभं राहिलं की पायाखालचा पाला वाजायचा थांबतो, आणि आपण जमिनीवर नाहीच असं वाटतं.

९ मार्च
चांद्याच्या कचेरीत बोलावणं. दोन्ही टोळ्यांना आपापल्या बाजूला पहारा द्या एवढं सांगून निघालो.

१२ मार्च
परतलो तर आदल्या रात्री वणवा येऊन गेलेला. पोचूच्या लोकांनी समोरून आग लावून, मधला पाला आधीच जाळून तो अडवला. देवाजीच्या बाजूला ठिणग्या रेषेवरून उडून रोपांत पडल्या. अर्धी रोपं गेली. देवाजीची बारा माणसं हातात ओल्या डहाळ्या घेऊन नुसती उभीच होती.
का नाही विझवलंत, विचारलं.
"पाहारा द्या म्हनलं होतं तुमी," देवाजी म्हणाला. "देला."