ओनेलिओच्या ब्रेकमधली रबरी वाटी

मी, एवेलिओ मारेरो, वय एकाहत्तर, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार मातान्सास, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. हात थरथरतात, डोके नाही. कोणी जबरदस्ती केलेली नाही. कोणी केली असती तर हे अकरा वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. राहते घर बहीण निएवेस हिला मिळावे. न्हाणीघराचे छप्पर गळते, हे ती मला रोज सुनावतेच.

२. पाने, जॅक आणि ब्रेकची सर्व हत्यारे माझा मित्र ओनेलिओ याच्या मुलीला, मारित्साला द्यावीत. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. तिने एवढे लक्षात ठेवावे: रबर घरी कापले, तर ज्या तेलात ते राहणार त्याच तेलात आधी तीन दिवस भिजवावे. फुगले तर फेकावे.

३. त्र्याण्णव साली ओनेलिओच्या एक्कावन्न सालच्या गाडीचे ब्रेक गेले. सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. मी टायरची जुनी ट्यूब कापून ब्रेकच्या सिलिंडरची वाटी केली. ब्रेकच्या तेलाऐवजी एरंडेल भरले; ते कमी पडले म्हणून रबर फुगवणारे इंजिनाचे तेल मिसळले. भिजवून पाहिले नाही. पेट्रोल मिळेपर्यंत गाडी चार दिवस उभी होती. पाचव्या दिवशी पेडल मऊ लागले; ब्रेक धरणार नाहीत, हे माझ्या पायाला कळले होते.

आमच्याकडे ब्रेक करणाऱ्याने पहिल्या उताराला गाडीत बसायचे असते. ओनेलिओ म्हणाला, "चल रे, बस."

मी म्हणालो, "चुलीवर घेवडा ठेवलाय, करपेल." घरात आठवडाभर घेवडा नव्हता.

गाडी भिंतीवर आदळली. ओनेलिओचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. पोलिसांनी तपासणीला मलाच बोलावले. फुगलेली वाटी मी खिशात घातली आणि म्हणालो, "ब्रेक ठीक आहेत. सकाळी त्याने रम घेतली होती." घोट आम्ही दोघांनी घेतला होता.

त्याचा परवाना गेला, बायको माहेरी गेली ती आलीच नाही. गल्ली त्याला दारुडा म्हणते. त्यालाही तेच खरे वाटते. तेव्हापासून तो थेंबाला शिवलेला नाही. मला म्हणतो, "बरं झालं, तू नव्हतास गाडीत."

४. ती वाटी कपाटात काचेच्या बरणीत आहे. मारित्साने ती गल्लीला दाखवावी व तिसरे कलम मोठ्याने वाचावे. माझी शवपेटी उचलण्याआधी वाचावे, नंतर नाही. मग ज्याला खांदा द्यायचा नसेल त्याने घरी जावे. दोष सर्वस्वी माझा. लिहितानाही मान वर होत नाही.

सही: एवेलिओ मारेरो
मातान्सास, ९ मार्च २००४

साक्षीदार:
१. ग्लादिस उर्कियोला, परिचारिका
२. ओनेलिओ पेद्रोसो, शेजारी. कागद पुढे सरकवून मी म्हणालो, "वाचून बघ." तो म्हणाला, "तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात." त्याने सही केली. मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही.