लाल गाडीचा करंट

तेलगाव, १२ डिसेंबर

जिनतआपा, सलाम.

तुझ्या निकाहची चिठ्ठी येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसायचो आन् उठायचो. फोन केला असता, पण घरातला फोन आब्बांच्या खिशात. पेनातली शाई संपलीय, पेन्सिलीनं लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

मी येणार का, ते सांगतो. आधी इथलं.

इथं विजयसिंह म्हणून आहेत. त्यांच्या बंद जिनिंगच्या शेडात त्यांच्या वडलांची गाडी हाय. लाल, इंग्लंडची, दोनच माणसांची, वर टप न्हाई. आत बसलं की रस्ता ढुंगणाला लागतो. मधी कुणीतरी तिला ठिणगी पाडायला इलेक्ट्रॉनिक किट बसवलेलं. ह्यांना जुनंच पायजे. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळं पहिल्यासारखं. मी बसवलं. थंड असली की लगेच चालू होते. गरम झाली, चढाला लागली, की खोकते आन् बसते. मग ढकलत आणायची. लई थकलोय, आपा. पुण्यात, नगरला, कुठंबी इतका थकलो न्हवतो. नगरच्या पंक्चरवाल्याकडं एक बकरी होती, टायर चाटायची... ते ऱ्हाऊ दे.

आठवतं का, तुझ्या शाळेच्या पेन्सिली गायब व्हायच्या आन् मार मला बसायचा? त्या आब्बा न्यायचे. प्लगची तार जरा लांब धरायची, मधी पेन्सिलीचं टोक, आन् ठिणगी कुठल्या बाजूला फाकते ते बघायचं. कॉइलच्या तारा उलट्या का सुलट्या, त्यावरनं कळतं. मीबी बघितलं. तारेकडं फाकते. पण बरोबर कुठली, तारेकडची का प्लगकडची, तेच आठवत न्हाई. तू आब्बांना विचार. माझं नाव नको घेऊस, गिऱ्हाइकानं विचारलं म्हण.

तारा पलटून बघ की येड्या, असं म्हणशील. खरंय. जरासं काम हाय. पण मला विचारायचं हाय.

आब्बांनी गॅरेजवर 'मकसूद हारिस ऑटो' अशी नवी पाटी लावली आन् त्याच आठवड्यात मी निघालो. कावून, मलाबी धड सांगता येत न्हाई. पाटी बघितली आन् वाटलं, झालं, आता इथंच. त्यांनी पाटीवरनं माझं नाव पुसलं का गं? पुसलं असलं तर तुझ्या निकाहात मी कुणाचा कोण म्हणून उभा राहू?

काल विजयसिंहांनी विचारलं, "शिकलास कुणाकडं?" म्हणालो, उमापूरच्या मकसूद मिस्त्रींकडं. लेक हाय, ते न्हाई सांगितलं.

थांब, शेडाबाहेर कुणीतरी आलंय.

आपा, आब्बा हायत. विजयसिंहांनी बोलावून घेतलं म्हणं. माझ्याकडं बघितलं न्हाई, सरळ बॉनेट उघडलं.

"कुणी बसवलं हे?"

"मी."

"दिसतंय. पेन्सिल आण बे."

एकच हाय, ही हातातली. देतो. पाटीचं आता लिहू नको. येऊन बघतो.

तुझा हारिस