जिन्यावरचे टाके

प्रिय धाकट्या,

आधी तक्रार नोंदवून घे. तू सिगारेट सोडल्यापासून मला काडेपेटी स्वतःच्या खिशात बाळगावी लागते. वीस वर्षं हे खातं तुझ्याकडे होतं. थोरल्या भावावर या वयात अशी वेळ आणणं तुला शोभतं का?

बाकी ठीक. काल तुझ्या वहिनीने विचारलं, भाऊजींना सिगारेट सोडून वर्ष झालं ना? मी म्हटलं, अकरा महिने, उगाच चढवू नकोस. मग शेजाऱ्याला नि इस्त्रीवाल्याला न विचारता सांगून आलो. इस्त्रीवाल्याला मी वर्षच म्हणालो.

छापखान्यात कागदाचे ढीग, म्हणून ओढणाऱ्यांनी मागच्या जिन्यावर जायचं. आधी चारदा सिगारेट सोडलीस, त्या चारही वेळा तू जिनाच टाळलास. सुट्टीत बाइंडिंगच्या टेबलाशी वाळीत टाकल्यासारखा एकटा बसायचास आणि आम्ही हाका मारायचो, “काय संन्यासी, येताय का संसारात?” सिगारेट सुटते रे, पण सहा जणांची बैठक आणि मुकादमाच्या नावाने बोटं मोडणं कसं सुटणार? या खेपेला मात्र तू जिन्यावर आलास, सुई-दोरा आणि माझ्या कटिंग मशीनची कातरणं घेऊन. आम्ही धूर सोडायचो, तू तळहाताएवढ्या वह्या शिवायचास. पहिल्या आठवड्यात तुझे हात इतके थरथरत की दोरा मी ओवून दिला, वर “शिंपीबुवा” म्हणून चिडवलंही. तू नुसता हसलास. आता मशीनमन आणि हिशेबनीसही सुई घेऊन तुझ्याशेजारी बसतात. ओढणारे तिघेच उरलोत. वीस वर्षं मी त्या जिन्याचा पुढारी होतो, पण माणसं जमवलीस ती तू.

परवा तू मशीनमनला धीर देताना म्हणालास, “मीही चारदा हरलो, माझं मनच कच्चं.” ते ऐकल्यापासून घास उतरत नाही. समोर आलो की माझ्या तोंडून टोमणाच निघतो, म्हणून लिहितोय. चौथ्या वेळी, एकोणिसाव्या दिवशी, मुकादमाने तुला सगळ्यांदेखत झापलं. तू नुसता वारा खायला जिन्यावर आलास. मी एक पेटवून तुझ्या बोटांत दिली, “घे रे, एकीने काय होतंय?” तुला वाटलं, दादाची माया. माया कसली! तू सुटलास तर मी मागे एकटा उरेन, ही धास्ती होती. दुसऱ्या दिवशी “संन्यासी परतले” म्हणून सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. कच्चं होतं ते माझं मन. आज तू गोदामात असताना हे सगळं जिन्यावर चौघांना सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. मशीनमन एवढंच म्हणाला, “आम्हाला काय सांगता, त्याला सांगा.”

सांगितलं.

तुझाच,
दादा