ठोक्याच्या मागे

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र भाऊजींसमोर वाचू नकोस. बँड सोडताना मी त्यांना सगळ्यांदेखत म्हणालो होतो की तुमचे ड्रम संथ आहेत, त्यांच्यामुळे माझी गाणी रेंगाळतात. आता माझ्या एकट्याच्या अल्बमसाठी कानात ठेका धरणाऱ्या यंत्राची टिकटिक लावून गातोय आणि प्रत्येक ओळीला मागे पडतोय. रेकॉर्डिस्ट सभ्य आहे, दर वेळी पुन्हा घेऊ म्हणतो. काल मात्र त्याने विचारलं, बँडमध्ये तुमच्यासाठी कोण थांबायचं?

घरी येऊन आमची जुनी गाणी ऐकली. ताई, भाऊजी थांबायचे का? गोड बोलून फसवणं तुला जमत नाही, म्हणून तुलाच विचारतो. एकही गाणं पुरं झालेलं नाही. असंच चाललं तर अल्बम विसरायचा.

लोभ आहेच; या पत्रानंतरही ठेव.

तुझा धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हो, थांबायचे. ओळीआधी तू असा श्वास घेतोस, जणू विहिरीत उडी टाकायचीय. तेवढ्यात ते ठोका जरा लांबवायचे आणि बाकीचे त्यांच्यामागून. गिटारवाल्याला ठाऊक होतं, सामानाच्या गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा. तुला कळलं नाही, कारण गाताना तू डोळे मिटतोस आणि एरवी आरसा बघतोस. मी एकदा म्हटलं, सांगा त्याला. तर म्हणाले, सांगितलं की तो श्वास मोजत बसेल, मग गाणं कोण म्हणणार?

तुझं पत्र त्यांच्यासमोरच वाचलं, मोठ्याने. ते मध्येच उठले आणि धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला गेले. माफी मागायची तर त्यांची माग; मी टपालखातं नाही.

वेळेवर जेवत जा, निदान तिथे तरी मागे पडू नकोस.

तुझी ताई

१५ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

मी चुकलो. आणखी लिहिलं तर ताई त्यातल्या चुका काढेल. माझ्या अल्बमवर तुम्ही वाजवा. बँडमध्ये अडचण होणार असेल तर नाव छापत नाही. छापायचं असेल तर माझ्याआधी छापतो. तुमच्याशिवाय ही गाणी उभी राहत नाहीत.

आपला, रागावलात तरी आपलाच,
धाकटा

२२ मार्च

प्रिय धाकट्या,
स. न. वि. वि.

येणार नाही. राग होता, पण तुझी बाजू घेणारी बाई घरात असल्यावर तो किती दिवस टिकणार? कारण वेगळं आहे. तुझा श्वास ऐकला की माझा हात आपोआप थांबतो. मी आलो तर ती पुन्हा बँडचीच गाणी होतील, आणि तू बाहेर पडलास ते फुकट जाईल.

ती टिकटिक बंद करायला सांग. ड्रमही नकोत. एक गिटार घे आणि ओळ येईल तेव्हा गा. श्वास कापू देऊ नकोस. रेकॉर्डिंगच्या साफसफाईच्या नादात हे स्टुडिओवाले आधी तोच कापतात. ऐकणारे थांबतील की नाही, याची काळजी करू नकोस. मी इतकी वर्षं थांबलो, कधी कंटाळलो नाही.

जास्त लिहीत नाही, तुझी ताई खांद्यावरून वाचतेय.

भाऊजी